सात थेंब संत्रातीर्थ

‘या पृथ्वीवरचं प्रत्येक पाणी ही गंगाच आहे, आणि गंगेला अपवित्र म्हणणाऱ्याचे सात जन्म वाया जातात,’ असं जलानंद महाराजांनी एप्रिलच्या भर दुपारी जाहीर केलं आणि घसा बसला म्हणून शेजारच्या सेवकाकडे हात केला. सेवकानं विकतच्या पाण्याची सीलबंद बाटली दिली. झाकण फुटल्याचा कडक आवाज माइकमधून चारशे माणसांनी ऐकला. लोकांचं लक्ष गेलं असावं असं सेवकाला वाटलं, म्हणून त्यानं घाईघाईनं बाटलीवरचं लेबल सोलून खिशात टाकलं.

आमचं गाव पूर्णेच्या काठाला आहे, अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. दोन्ही जिल्ह्यांचे नकाशे आमच्यापाशी आल्यावर जरा घाईत काढल्यासारखे दिसतात. या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. कपाशी होते, हरभरा होतो, माणसं बोलायला फटकळ पण मनानं बरी आहेत. फक्त जमिनीखालचं पाणी खारं आहे. बोअर कितीही खोल नेला तरी खारंच लागतं. साबणाला फेस येत नाही. तुरीची डाळ सकाळी चुलीवर ठेवली तर दुपारीही दाणा आपला वेगळाच असतो. पातेल्याला आतून पांढरा थर धरतो, आणि तोच थर पुढे माणसाच्या किडनीत धरतो असं गावातले लोक समजतात. डॉक्टर इतकं सरळ सांगत नाहीत. पण आमच्या गावात किडनीचे पेशंट किती, हे विचारलं की तेही खिडकीबाहेर बघतात.

गावात पाण्याची टाकी आहे. नऊ वर्षांपूर्वी बांधली. तिच्यात अजून पाणी आलेलं नाही, पण सावली उत्तम पडते. महाराजांनी आसन मांडलं ते त्या सावलीत.

कार्यक्रम दर गुरुवारी असे. आपल्या घरचं पाणी बाटलीत घेऊन रांगेत उभं राहायचं. रांग मोतीराम सांभाळी. तो ग्रामपंचायतीचा चपराशी. त्याच्याकडे शिटी होती आणि ती वाजवायला वर्षानुवर्षं कारण मिळालेलं नव्हतं. नंबर आला की महाराज निळ्या मखमलीच्या वस्त्रानं आपला तांब्या आतून पुसत, त्यात तुमचं पाणी घेत, डोळे मिटून तीनदा हलवत आणि काचेच्या उंच पेल्यात ओतत. ओतताना ते शाईसारखं निळं झालेलं असे.

‘पाह्य माय,’ महाराज म्हणत, ‘हे तुह्या घरातलं विष. आजलोक दिसत नव्हतं. आज दिसलं.’

मग चिमूटभर भस्म. भस्म पडलं की पाण्यातून बारीक बुडबुडे वर येत. ‘पानी हासून राहिलं,’ महाराज सांगत. मग एका तपकिरी बाटलीतून संत्रातीर्थाचे सात थेंब, आणि आरती. आरती संपेपर्यंत ते निळं पाणी फिकं होत होत पार नितळ होई. चारशे माणसं एकदम श्वास सोडत. पहिल्या गुरुवारी मीही सोडला, खोटं कशाला बोलू.

महाराज पैसे घेत नसत, आणि त्यामुळे त्यांच्याविरुद्ध बोलणं फार अवघड झालं होतं. घेत फक्त चांदी. तुटकं पैंजण, जुना करंडा, बाळाचं वाळं. ‘सोनं मोहाचं, चांदी चंद्राची, अन् चंद्र पान्याचा,’ असं ते म्हणत. हे वाक्य कानाला इतकं गोड लागे की अर्थ विचारायचं कोणाला सुचलं नाही. ती चांदी विरघळवून तीर्थ करतात, असंही ते सांगत. नंतर कळलं की महाराजांच्या सगळ्या प्रवचनांत तेवढीच एक गोष्ट खरी होती.

नितळ झालेलं पाणी घरी नेऊन प्यायचं. कधी कधी दुसऱ्या दिवशी बाटलीतलं पाणी पुन्हा निळसर दिसे. त्यालाही उत्तर होतं: घरात कोणीतरी शंका घेतली. त्यामुळे घरोघरी शंका घेणाऱ्याचा शोध सुरू झाला. बहुतेक ठिकाणी सून सापडली.

दुसऱ्या गुरुवारी पार्वताबाई रांग सोडून थेट माइकपाशी गेली. वय सत्तरच्या पुढे, गावातल्या सगळ्या लग्नांचा स्वयंपाक तिच्या हाताखाली झालेला.

‘महाराज, तुमच्या पान्यात डाळ टाकली व्हती म्या. शिजून नाई राहिली.’

‘माय, हे पानी देहशुद्धीचं हाय. डाळीचं नाई.’

‘असं कसं बाप्पा. जे डाळीत शिरून नाई राहिलं ते माह्या देहात कसं शिरन?’

मोतीरामनं शिटी वाजवली. पुढचा नंबर.

या सगळ्या प्रकरणात इतकं शहाणपणाचं दुसरं कोणी बोललं नाही. मी ते वाक्य वहीत टिपलं, मनाशी हसलो आणि घरी येऊन जेवलो.

पहिल्या रांगेत उत्तम बसे. उत्तमराव माझा शाळेपासूनचा सोबती. शेततळ्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर तो वांगी, सांभार (कोथिंबिरीला आमच्याकडे सांभारच म्हणतात) आणि झेंडू करी, आणि दर्यापूरच्या बाजारात नेऊन विकी. महाराज यायच्या चौदा महिने आधी त्याच्या दोन्ही किडन्या थकल्या. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी अकोल्याला जाऊन चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला हात देऊन पडून राहायचं. महाराज गावात आले आणि त्यानं आधी शुक्रवार सोडला. महिन्याभरानं मंगळवारही.

‘अबे, तुले काही समजते का?’ मी म्हटलं. ‘सांभाराच्या जुडीत एक पिवळं पान चालत नाही तुले. अन् हे चालते?’

‘तू हास. तुले तेवढंच येते,’ उत्तम म्हणाला. ‘मी काई अंगाऱ्या-धुपाऱ्यावाला नाई गा. म्या हे आधी पायलं हाय. सोताच्या डोयानं. प्रणालीच्या कॉलेजात.’

प्रणाली त्याची एकुलती मुलगी. अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची पीएचडी करत होती. विषय असा की झाडापाल्याच्या रसातून धातूचे अतिसूक्ष्म कण तयार करायचे आणि त्यांच्याकडून सांडपाण्यातलं प्रदूषण तोडून घ्यायचं. हे सांगायला उत्तमला दोनदा श्वास घ्यावा लागे, म्हणून त्यानं बाजारापुरतं सोपं करून घेतलं होतं: ‘माही पोट्टी संत्र्याच्या सालीतून पानी साफ कराची पावडर काढते.’ समोरचं गिऱ्हाईक वांग्यांचा भाव विचारायला आलेलं असे. तेही कौतुक करी आणि भाव पुन्हा विचारी.

दोन वर्षांपूर्वी तिनं बापाला प्रयोगशाळेत नेलं होतं. मोर्शीकडच्या संत्र्यांची सालं उकळून काढलेला पिवळा रस, त्यात चांदीच्या क्षाराचं पाणी. बघता बघता रस तपकिरी झाला. मग निळ्या रंगाच्या पाण्यात एक पांढरी भुकटी आणि या रसाचे थेंब. निळं पाणी नितळ झालं. उत्तमनं हात जोडले.

‘बाबा, हात काहून जोडता? हा काही देव नाही.’

‘देवाले नाई जोडले,’ उत्तम म्हणाला होता. ‘तुले जोडले.’

हे त्यानं मला टाकीच्या सावलीत बसून सांगितलं आणि वर विचारलं, ‘मंग सांग. महाराज तेच करून राहिले का नाई? तेच निळं, तेच पांढरं. माह्या पोरीचं सायन्स खोटं हाय काय?’

अंगाऱ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांशी मी उभा जन्म भांडलो. पोरीवर विश्वास ठेवणाऱ्याशी कसं भांडायचं, ते मला माहीत नव्हतं.

‘तिले सांगतलं काय तू?’

‘तिचा प्रबंध लिवनं चालू हाय. मधात डोकं नाई खायाचं तिचं. मी चांगला झालो का मंग सांगू.’

पुढच्या आठवड्यात त्याचा चेहरा भरलेला दिसला. पायही. लोक म्हणाले, उत्तमरावची तब्येत सुधारली. मी म्हटलं, ‘महाराजानं तुले पोळ्यातल्या बैलासारखं खाऊ घातलं बे.’ सगळे हसले, उत्तमही हसला. ती सूज होती. हा विनोद मी केला, आणि त्याचं श्रेय दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

एका बुधवारी सकाळी शकुनबाई, उत्तमची बायको, माझ्या अंगणात येऊन उभी राहिली.

‘भाऊजी, याइले आडवं होता येऊन नाई राहिलं. आडवं झालं का दम कोंडते. बसल्या बसल्याच डुलक्या घेते.’

‘कवापासून?’

‘चार रोज झाले. मंगळवारी म्हटलं चाला अकोल्याले, तं माह्यावरच खेकसले. म्हने रोग बाहेर पडून राहिला, सूज म्हंजे तोच.’

‘पाणी किती पिऊन राहिला?’

‘महाराजाचं? तीन-चार बाटल्या. डॉक्टरनं तं दिवसाचे तीन पेले सांगतले व्हते, अन् तेबी गोड्या पान्याचे.’

बोलताना तिनं मान खाली घातली, म्हणून माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. बोटांत जोडवी नव्हती. फक्त ती असायची तिथले पांढरे पट्टे होते.

‘तीर्थाले देल्ली,’ ती म्हणाली. ‘याइच्या जिवासाठीच तं घालतो आपन ते.’

मी प्रणालीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं दोनच गोष्टी विचारल्या.

‘काका, ते भस्म टाकल्यावर बुडबुडे येतात?’

‘येतात.’

‘आणि नितळ झालेलं पाणी नंतर परत निळं होतं?’

‘होतं. सुनांमुळे.’

ती हसली नाही. माझंही तेव्हाच हसणं बंद झालं.

गुरुवारी पहिल्या एसटीनं ती आली. बाप खुर्चीत बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास घेत होता. समोर कार्यक्रमाला न्यायची बाटली, अर्धी प्यालेली.

‘बाबा, आत्ताच्या आत्ता गाडीत बसा. अकोल्याले जाऊ.’

‘आजचं तीर्थ घेऊ दे. मंग तू म्हनशीन तथी येतो.’

‘ते तीर्थ नाही बाबा.’

‘मले नको सांगू. महाराजानं तुहं नाव घेतलं. मी काई बोलाच्या आधी म्हने, हे प्रणाली मॅडमचंच पानी समजा. तुहं नाव त्याले कोनं सांगतलं? अंतर्ज्ञानच म्हना लागन न.’

प्रणाली माझ्याकडे बघायला लागली. मग तिनं बापाला एवढंच विचारलं, ‘मी तथी सगळ्याइसमोर दाखवलं तं येसान अकोल्याले?’

‘तू दाखव,’ उत्तम म्हणाला. ‘तुह्या हातानं दाखवलं तं मानीन.’

दवाखाना सत्तेचाळीस किलोमीटरवर होता आणि माणूस टाकीपर्यंतच यायला तयार होता. शकुनबाईनं आणि मी त्याला दोन्हीकडून धरून नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. प्रणाली मागे, माझ्याशेजारी उभी राहिली.

एका बाईचं पाणी चाललं होतं. महाराजांनी पेला डोळ्यांच्या रेषेत धरला, एक डोळा मिटून पाण्याची पातळी बघितली. थेंब टाकायची काचनळी सरळ उभी धरली, टिचकी मारून तिच्यातला बुडबुडा काढला आणि मग सात थेंब सोडले.

‘काका, त्यांचा हात बघा,’ प्रणाली हळूच म्हणाली. ‘असा पेला बघायला हिमालयात शिकवत नाहीत. हे आमचे देवानंदभाऊ. आमच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काचसामान धुवायचे. बाबा आले होते तेव्हाही तिथंच होते. कंत्राट संपलं आणि दीड वर्षापूर्वी त्यांना घरी पाठवलं.’

आरती संपून पेल्यातलं पाणी नितळ झालं, तशी ती रांग सोडून पुढे निघाली. मोतीरामनं शिटी तोंडात धरली.

‘फुकू नको बे,’ पार्वताबाई म्हणाली. ‘कुकर हाय काय तू?’

प्रणाली माइकसमोर पोचली होती. ‘नमस्कार, देवानंदभाऊ.’

महाराजांचा हात हवेत राहिला. ‘बाळ,’ ते सावकाश म्हणाले, ‘इथे देवानंद कोणी नाही. इथे केवळ जल आहे.’

‘बरं. मग जलालाच विचारते.’ तिनं आसनाजवळची विकतची बाटली उचलली आणि सील फोडलं. ‘हे पाणी शुद्ध आहे?’

‘ते बाजारातलं. त्यात बाजाराचे दोष असतात.’

‘पण तुम्ही तेच पिता.’

‘आम्ही दोष पचवतो.’

पुढच्या रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. प्रणालीनं निळ्या मखमलीनं तांब्या आतून पुसला, विधीप्रमाणे, नीट. बाटलीतलं पाणी त्यात घेतलं, तीनदा हलवलं आणि पेल्यात ओतलं. शाईसारखं निळं.

‘आता हे. हे तर तुम्हीच साफ केलं, दोन मिनिटांपूर्वी.’ त्या बाईचं नितळ तीर्थ तिनं उचललं. पुन्हा मखमल, पुन्हा तांब्या. पेल्यात पडलं ते निळंच.

माणसं उठून उभी राहिली. महाराजांनी मखमलीकडे हात नेला, पण ती प्रणालीच्या मुठीत होती.

‘पोरी, थांब,’ पार्वताबाई म्हणाली. तिनं पिशवीतून आपला पितळी गडवा काढला. ‘माह्या गडव्यात वत. अन् पुसाचा असन तं माह्या पदरानं पूस.’

प्रणालीनं आमच्याच बोअरचं पाणी गडव्यात घेतलं, हलवलं, पेल्यात ओतलं. त्याला कसलाही रंग आला नाही. मग तिनं मखमलीची आतली घडी सगळ्यांसमोर उलगडली आणि तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाकला. घडीत वाळलेली काळपट हिरवी पूड होती. ती थेंबाबरोबर निळी होऊन तिच्या मनगटापर्यंत ओघळली.

‘विष पाण्यात नव्हतं,’ ती म्हणाली. ‘ते या कापडात होतं. हा कापड रंगवायचा रंग आहे. यांनीच टाकायचा, यांनीच घालवायचा.’

‘पन घालवते तं खरं न?’ मागून कोणीतरी म्हणालं.

‘घालवतात. तेवढं खरं आहे, आणि ते आमच्याकडूनच शिकलेलं आहे. भस्मात एक रसायन आहे, पोटात न घेण्याचं. पाण्यात पडलं की त्यातून वायू निघतो, ते तुमचं पाण्याचं हसणं. ते एकटं असलं तर रंग जायला फार वेळ लागतो. संत्र्याच्या सालीच्या रसात चांदीचे कण आहेत, केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक. सोयरीक जुळवणारा माणूस असतो ना, तसे ते. रंगाची आणि त्या रसायनाची गाठ घालून देतात, काम झटक्यात होतं, आणि स्वतः जसेच्या तसे राहतात. म्हणून सात थेंब पुरतात. चिमूटभर चांदी वर्षभराच्या तीर्थाला पुरते.’

शकुनबाई आपल्या पायांकडे बघत होती.

प्रणाली वडिलांसमोर जाऊन बसली. त्यांच्या हातातली अर्धी बाटली घेऊन तिनं ती जोरानं हलवली. नितळ पाण्यात आधी फेस झाला, मग निळसर झाक आली, आणि बघता बघता ती खालपर्यंत उतरली.

‘बाबा, रंग गेला नव्हता. लपला होता. हवा मिळाली की परत येतो. तुम्ही तो पीत होता. आणि मीठ तर सगळंच्या सगळं तिथंच आहे, त्याला कोणी हातही लावला नाही.’

‘अन् तुही पावडर?’ उत्तमनं विचारलं. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच बोलला.

‘ती आहे. कारखान्यातून रंगाचं पाणी बाहेर पडतं, त्याच्यासाठी आहे. तिथंही रंग खरंच तुटला की नुसता लपला हे तपासावं लागतं, कण गाळून परत काढावे लागतात. त्यातच माझी चार वर्षं चालली. प्यायच्या पाण्यासाठी ती नाही. कधीच नव्हती.’

‘हे आज सांगून राहिल्या मॅडम,’ माइकमधून आवाज आला. महाराजांचा आवाज गेला होता. हा देवानंदचा होता. ‘दर्यापूरच्या विज्ञान प्रदर्शनात तुमीबी निळ्याचं पांढरं करून दाखवलं. टाळ्या पडल्या. तवा मिठाचं सांगतलं व्हतं काय? तवा हवेचं सांगतलं व्हतं?’

प्रणाली त्याच्याकडे वळली. ‘नाही सांगितलं.’

‘पेले म्याच धुतले त्या दिवशी. अकरा वर्षं धुतले. तुमच्या कोन्या कागदावर माहं नाव हाय?’

‘नाही. तेही खरं आहे. मी ते लिहायला हवं होतं.’ ती उठून उभी राहिली. ‘पण देवानंदभाऊ, त्या भुकटीच्या डब्यावर काय लिहिलेलं असायचं ते तुम्ही रोज बघत होतात. मराठीतली चिठ्ठी तुम्हीच चिकटवायचात. पोटात घेऊ नये.’

देवानंदनं माइक बंद केला. बटण त्यानं फार हळू दाबलं, काचेच्या वस्तूसारखं.

मोतीरामनं शिटी खिशात टाकली आणि न सांगता सरपंचाची गाडी आणायला धावला. उत्तम प्रणालीकडून बाटली परत घेऊन गाडीत बसला. बाटली त्यानं आपल्या हातानं रस्त्याच्या कडेला ओतली. तिथली काळी माती क्षणभर निळी दिसली आणि मग पुन्हा काळी.

अकोल्याला डॉक्टरांनी त्याला त्याच तासात मशीनवर घेतलं. फुप्फुसांत पाणी भरलं होतं, हृदय दमलं होतं. ते म्हणाले, दहा दिवस आधी आणायला हवं होतं. दहा दिवस आधी मी पोळ्यातल्या बैलाचा विनोद केला होता.

उत्तम त्यानंतर एकोणीस दिवस जगला.

देवानंदवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. त्याच्या खोलीत पत्र्याचा डबा सापडला. गावातली बहुतेक चांदी त्यात जशीच्या तशी होती. शकुनबाईची जोडवीही होती. पोलिसांनी ती मुद्देमाल म्हणून जमा केली. रीतसर अर्ज करून ती परत मिळाली तोपर्यंत शकुनबाईला त्यांचा उपयोग राहिला नव्हता.

आता दोन गोष्टी सरळ सांगतो, कारण वाकड्या पुष्कळ सांगून झाल्या. पाणी नितळ दिसलं म्हणजे प्यायला चांगलं झालं, असं होत नाही. मीठ दिसत नाही, फ्लोराइड दिसत नाही, नायट्रेट दिसत नाही. पाणी प्रयोगशाळेत तपासता येतं. गावानं तपासणीचा कागद मागावा, आणि मिळेपर्यंत मागत राहावं. कोणी चमत्कार दाखवायला आला तर त्याच्याशी वाद घालू नका. आपल्या घरचा गडवा पुढे करा आणि म्हणा, यात दाखव. चालू असलेला इलाज बंद करायला सांगणारा कोणी आला, त्यानं भगवं घातलेलं असो की पांढरा कोट, आधी ठरल्या वारी दवाखान्यात जाऊन या, मग त्याचं ऐका. शास्त्र शिकलेल्यांनी, टाळ्या पडत असतानाच, आपल्या प्रयोगानं काय होत नाही तेही सांगावं. आणि माझ्यासारख्या हसणाऱ्यांनी हसून झालं की उठावं. कोणीतरी पहिल्या रांगेत सुजत बसलेलं असतं.

हे मी उत्तमलाही सांगितलं होतं, वॉर्डात, नवव्या दिवशी. जरा जास्तच आवेशात. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईकही ऐकत होते. प्रणाली उशाशी बसली होती. ती मधेच म्हणाली, ‘काका, राहू द्या. माझ्यामुळेच झालं हे. माझ्याच प्रयोगावर विसंबले ते.’

‘तुह्यामुळं नाई वं,’ उत्तम म्हणाला. त्याला एका दमात फार बोलता येत नव्हतं. ‘तुहं नाव म्या पुढं केलं. लोकाइले सांगाले बरं पडते.’

‘मंग काहून, बाबा?’

त्यानं डोळे मिटून घेतले. ‘डॉक्टर म्हने मोजून पे. चौदा महिने मोजून पेलो. उन्हाळा असा. तो म्हने, पोटभर पे.’ मग दम घेऊन, ‘बस, एवढंच व्हतं.’

माझं राहिलेलं भाषण मी गिळलं. नर्स येऊन गेली. प्रणाली त्याच्या पायांवरची सूज बोटानं दाबून बघत होती.

‘प्रणाली,’ उत्तम म्हणाला, ‘आजचं माहं किती राहिलं?’

तिनं खाटेला लटकवलेला कागद बघितला. ‘अर्धा पेला, बाबा.’

‘मंग पानी नको देऊ. खालच्या दुकानातून एक बर्फाचा खडा आन. चघळला का जास्त वेळ पुरते.’